शीर सापडत नाही

दवाखान्यात आयुष्य काढलेली आम्ही दोन-तीन म्हातारी माणसं एका जागी बसलो, की अर्ध्या तासात गोष्ट शिरेवर येते. पाऊस, धान, पोरांच्या नोकऱ्या सगळं मागे पडतं आणि कोणीतरी म्हणतं, "अरे, त्या बाईची नस आठवते का?" झालं. मग जेवणाची वेळ टळते.

गंमत अशी की सापडलेली शीर कोणाच्याच लक्षात राहत नाही. सुई गेली, औषध गेलं, कापूस दाबला, माणूस घरी गेला. त्यात सांगण्यासारखं काय? पण न सापडलेली शीर डोक्यात ठाण मांडून बसते. माझ्या डोक्यात अशांची इतकी दाटी झाली आहे, की अजूनही कोणी समोर येऊन बसलं तर माझी नजर चेहऱ्यावर न जाता हाताच्या पाठीवर जाते. एकदा भाचीला पाहायला आलेल्या मुलाचा हात मी इतका वेळ न्याहाळला, की त्याच्या वडिलांनी विचारलं, "हात पाहता का तुम्ही?"

म्हटलं, "पाहतो, पण भविष्य येत नाही सांगता. नस मात्र झकास आहे. करून टाका लग्न."

मी बिसेन, कंपाउंडर. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिरोड्याच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळाला लागून असलेल्या एका गावात आमचा दवाखाना होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्या गोष्टी सांगणार त्यांची नातवंडं अजून तिथेच राहतात. दवाखान्यात आम्ही तिघं. डॉक्टर सबनीस पुण्याकडचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, बोलण्यात मऊ. मार्थाबाई नर्स रायपूरकडच्या. मराठी, हिंदी, छत्तीसगढी असं जे तोंडात येईल ते बोलायच्या आणि समोरच्याला ते समजायचं. तिसरा मी. औषधं घोटायची, सिरिंजा उकळायच्या, आणि डॉक्टर शीर शोधत असले की पेशंटच्या दंडाला रबरी नळी बांधून धरायची, हे माझं काम. नळी धरून उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. हलता येत नाही, बोलता येत नाही. माझा जीव तिथे जेवढा वर-खाली झाला तेवढा कुठेच झाला नाही.

* * *

पहिली गोष्ट सेठजींची. गावात त्यांची धानाची गिरणी होती. माणूस मोठा, अंगानेही मोठा. त्यांच्या हातापायांत गोळे यायचे, म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं. हे इंजेक्शन शिरेत गेलं की सगळ्या अंगातून ऊन वाफ फिरल्यासारखी वाटते. लोक त्याला ‘गरम सुई’ म्हणायचे आणि मागून घ्यायचे. पण तेच औषध शिरेच्या बाहेर सांडलं तर मांस सडतं. त्यामुळे शीर पक्की सापडल्याशिवाय डॉक्टर सिरिंजचा दांडा दाबत नसत.

आम्ही सेठजींच्या घरी गेलो. आतल्या खोलीत सेठजी गादीवर, मी नळी धरून, डॉक्टर वाकलेले. दाराला पडदा आणि पडद्याबाहेर मुनीमजी. हे मुनीमजी थेट उत्तरेकडून आलेले, मराठीचा एक शब्द नाही. डॉक्टरांना हिंदी यायचं नाही, पण सेठजींचा मान राखायला ते हिंदीतच बोलत होते.

सेठजींचा दंड म्हणजे लोडाएवढा. डॉक्टरांनी उजवीकडे दाबून पाहिलं, डावीकडे दाबून पाहिलं. घाम पुसला. म्हणाले, "सेठजी, आपका शीर नहीं मिलता."

सेठजींना एव्हाना समजलं होतं की हे नसेबद्दल बोलतात. ते म्हणाले, "देखिए आराम से."

"इधर देखा, उधर भी देखा. शीर का पताच नहीं."

पडद्याबाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. आम्ही लक्ष दिलं नाही. डॉक्टर पुढे म्हणाले, "मोटे लोगों का शीर अंदर घुस जाता है. अब काटके देखना पडेगा."

शेवटी तसं काही करावं लागलं नाही. गरम पाण्यात हात बुडवून ठेवला तेव्हा मनगटाच्या वर एक निळी रेघ दिसली आणि काम झालं. सेठजींना छान ऊब वाटली. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की गिरणीचा आवाज बंद आहे. ऐन हंगामात, भर दुपारी, गिरणी बंद.

ते मनगटावर कापूस दाबून तसेच बाहेर आले. अंगणात गिरणीची सगळी माणसं टोप्या काढून उभी होती आणि सेठाणीबाई खांबाला धरून रडत होत्या. मुनीमजी धावत पुढे आले, त्यांनी मालकाचं डोकं दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं आणि तिथेच खाली बसले.

काय झालं ते सेठजींना कळायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "मेरा तो है. तू अपना ढूँढ."

त्या दिवसापासून डॉक्टरांच्या तोंडून ‘शीर’ हा शब्द गेला. ते नस म्हणायला लागले.

* * *

जानाबाईची गोष्ट वेगळी. ती विड्या वळायची. हिवतापाने आली होती, पोटात पाणी ठरत नव्हतं, क्विनाईनची गोळी दिली की पाच मिनिटांत बाहेर. म्हणजे क्विनाईन नसेतूनच द्यायला हवं होतं. तिच्या हातावर नसा दिसायच्या, पण सुई टेकली की बाजूला सरकायच्या. मार्थाबाई अशा नसेला ‘भगोडी’ म्हणायच्या. डॉक्टरांनी तीनदा टोचलं, तिन्ही वेळा नस बाजूला पळाली. ताप चढत होता, बाई थरथरत होती आणि तिचा हात एक क्षण जागेवर राहत नव्हता. बोटं सारखी काहीतरी चोळत होती.

डॉक्टर म्हणाले, "बाई, हात स्थिर ठेवा. बोटं हलवू नका."

ती म्हणाली, "मी कुठी हलवून राहिलो, बाबू? ते आपल्या आपणच हलून राहिले." आमच्याकडे बायकाही ‘येतो, जातो, राहिलो’च म्हणतात, डॉक्टरांना हे समजायला पहिलं वर्ष गेलं होतं.

तिचं खरं होतं. दहा वर्षं सकाळपासून दिवे लागेपर्यंत विड्या वळल्यावर बोटांना दुसरं काय येणार? तापातही ती विडीच वळत होती. मार्थाबाईंनी ते पाहिलं आणि त्या बाहेर गेल्या. बाहेर जानाबाईची जाऊ सूप मांडीवर घेऊन बसली होती. बसल्या जागी तिचंही काम चालूच होतं. तिच्याकडून एक तेंदूचं पान आणि चिमूटभर तंबाखू आणून मार्थाबाईंनी जानाबाईच्या त्याच हातात दिला.

"वळ," म्हणाल्या.

पान हातात आल्याबरोबर त्या हाताचं थरथरणं थांबलं. दंड लाकडासारखा स्थिर झाला, फक्त अंगठा आणि दोन बोटं चालू. आणि कोपराच्या आत नस हळूहळू फुगून वर आली. मी नळी धरून होतो, म्हणून मला ती अगदी जवळून दिसली. डॉक्टरांनी सुई घातली. काचेत रक्त आलं. इंजेक्शन पूर्ण होईस्तोवर जानाबाईची विडी वळून, तोंड दुमडून तयार झाली होती.

पुढे आम्ही सगळ्यांना तसंच करायला लावायचो. मूठ उघडा, मूठ मिटा असं सांगितलं की लोक गोंधळायचे. ‘विडी वळा’ म्हटलं की लगेच समजायचं. एकदा जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला आले आणि त्यांनाच ग्लुकोज द्यायची वेळ आली, तेव्हा सवयीने डॉक्टर त्यांनाही म्हणाले, "विडी वळा, सर."

साहेब म्हणाले, "मी ओढत नाही."

* * *

देवरीकडच्या जंगलातली एक म्हातारी होती. लेकीकडे आली आणि इथे आजारी पडली. अंगात रक्त नाही, बोलायची शक्ती नाही. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. फुलं, ठिपके, शिड्या, रेघा, सगळं हिरवं-निळं. कातडी सैल पडलेली आणि त्या नक्षीत नस कुठली, गोंदण कुठलं, काही कळेना.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. खिडकीजवळ खाट ओढून घेतली. बराच वेळ पाहून त्यांनी एक छान लांब निळी रेघ निवडली आणि सुई घातली. रक्त आलं नाही. थोडी पुढे सारली. नाही आलं. मी नळी सोडली, पुन्हा आवळली. लेक दारात उभी राहून ओठ चावत होती.

म्हातारीने डोळे उघडले, आपल्या हाताकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "बाबू, ती रेघ गोंदणारीनं काढली. देवानं काढलेली तिच्या खाली आहे."

डॉक्टरांनी सुई बोटभर खाली घेतली. तिथे होती.

* * *

लढाई वाढत गेली तशा सुया मिळेनाशा झाल्या. आधी ज्या सुया बोथट झाल्या म्हणून फेकायचो, त्याच आता उकळून उकळून वापरायची पाळी आली. बोथट सुई नसेत शिरत नाही, नसेला ढकलते. चांगली दिसणारी नस हातची जाते ती अशी. सुईच्या टोकाला बारीक आकडा आला की ती निघताना आतून खरडत निघते. आम्ही प्रत्येक सुई कापसावरून ओढून पाहायचो. कापसाचा धागा अडकला की ती बाद. एका आठवड्यात दवाखान्यात नसेत घालण्याजोग्या दोनच सुया उरल्या.

मी त्या घेऊन गावातल्या सोनाराकडे गेलो. रामाजी त्याचं नाव. हात फार नाजूक, डोळा त्याहून तेज. त्याने सुई भिंगाखाली धरली, दगडावर थेंबभर तेल टाकलं आणि दोन्ही सुयांना अशी धार करून दिली, की डॉक्टर म्हणाले, नव्या सुईलाही एवढी नसते. मग दर सोमवारी सुया रामाजीकडे जायच्या. रामाजीला त्याचा मोठा अभिमान. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो सांगायचा, "माझ्या हातचा माल गावात सर्वांच्या अंगात जाऊन आला."

सहा महिन्यांनी रामाजी स्वतःच आला. दम लागत होता, ओठ निळसर पडले होते. डॉक्टरांनी नसेतून औषध द्यायचं ठरवलं. आता ज्याने शंभर वेळा सुई घासली त्याला सुईची काय भीती, असं मला वाटलं. पण मी नळी बांधली आणि डॉक्टरांनी सिरिंज उचलली तसा रामाजीने हात मागे घेतला.

डॉक्टरांनी समजूत काढली. दुखणार नाही, एक मुंगी चावल्यासारखं होईल वगैरे. रामाजी ऐकेना. त्याची नजर सुईच्या टोकावर खिळली होती. मार्थाबाईंना वाटलं घाबरला, त्या त्याच्या डोळ्यांवर हात धरायला गेल्या. त्याने त्यांचा हात बाजूला केला.

"घाबरून नाही राहिलो," तो धापा टाकत म्हणाला. "शनिवार आहे आज. सोमवारची धार आहे ती. आणा इकडं, घासून देतो."

आणि खरोखर, खाटेवर बसून, एवढा दम लागलेला असताना, त्याने दगड मागवला आणि सुईला धार लावली. मी ती पुन्हा उकळली. सुई उकळेपर्यंतची ती दहा मिनिटं मला आजही आठवतात. तो मात्र निवांत बसला होता. सुई गेली ती एकाच टोच्यात गेली. त्याने नसेकडे पाहिलंही नाही. सुईकडे पाहत म्हणाला, "आता बरोबर."

* * *

आता माझी स्वतःची. ही मी कमी सांगतो.

डॉक्टरांना हिवताप झाला. आधी दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत बसले असताना ते एका पेशंटशी कानडीत बोलायला लागले. त्यांची आई कानडी, हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही त्यांना आत नेऊन निजवलं. ताप मेंदूत चढला होता. मार्थाबाईंनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "कंपाउंडरबाबू, क्विनाईन नस में. अभी."

नसेतलं इंजेक्शन द्यायची मला परवानगी नव्हती. मार्थाबाईंनाही नव्हती. गोंदियाच्या डॉक्टरांना तार केली, पण गाडी संध्याकाळशिवाय नव्हती. मी चार वर्षं रबरी नळी धरली होती. सुई एकदाही टोचली नव्हती.

मार्थाबाईंनी सिरिंज भरून माझ्या हातात दिली. त्यांचे हात संधिवाताने सुजले होते, बोटं पुरती मिटत नव्हती, नाहीतर त्यांनीच केलं असतं. आता नळी त्यांनी धरली. मी डाव्या हातात टोचलं, नस सुटली. उजव्या हातात टोचलं, नस फुटली आणि लिंबाएवढी गाठ आली. मी सिरिंज ठेवली, बाहेर गेलो आणि दवाखान्याला दोन चकरा मारल्या. लोक बसले होते, ते पाय आवरून वाट देत होते. तिसऱ्या चकरेला मार्थाबाई दारात उभ्या.

"कितने चक्कर मारोगे?" म्हणाल्या.

मी आत आलो. डॉक्टर शुद्धीवर नव्हते असं मी धरून चाललो होतो. पण मी वाकलो तेव्हा डोळे न उघडता ते म्हणाले, "बिसेन, डोळ्याने शोधू नका. बोटाने शोधा. घाई कोणाला आहे? मला तर नाही."

मी डोळे मिटले. कोपराच्या आतून बोट फिरवलं. ती तिथे होती, खोल, भिजलेल्या सुतळीसारखी, बोटाखाली उसळणारी. सुई गेली. काचेत रक्त आलं. क्विनाईन भरकन दिलं तर काळीज बंद पडतं, त्यामुळे घड्याळ समोर ठेवून थेंबाथेंबाने द्यायचं होतं. दहा मिनिटं मी एक डोळा घड्याळावर आणि एक काचेवर ठेवून दांडा दाबत होतो.

डॉक्टर वाचले. आठ दिवसांनी जिल्ह्याचे साहेब चौकशीला आले. माझी नोकरी जाणार हे मी बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं. साहेबांनी विचारलं, इंजेक्शन कोणी दिलं. डॉक्टर खाटेवर बसले होते, अजून अशक्त. म्हणाले, "मीच घेतलं. दुसरं कोण देणार?"

साहेबांनी त्यांच्या बाह्या वर करायला लावल्या. डावं कोपर काळंनिळं, उजव्या कोपरावर गाठ. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मार्थाबाईंकडे पाहिलं, आणि डॉक्टरांना विचारलं, "कोणत्या हाताने घेतलं?"

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही."

साहेबांनी लिहून घेतलं आणि चहा मागवला.

* * *

शेवटची वैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातली.

उन्हाळ्यात तिथे पटकीची साथ आली. शाळेची एक खोली रिकामी करून आम्ही तिथे चटया टाकल्या. पटकीत अंगातलं सगळं पाणी निघून जातं. रक्त घट्ट होतं आणि नसा रिकाम्या पडून चपट्या होतात. बोटांना सुरकुत्या, डोळे खोल, आवाज बसून कुजबुज होते. अशा वेळी नसेतून मिठाचं पाणी भरणं हा एकच उपाय. आणि नेमक्या अशाच वेळी नस सापडत नाही. सलाईन आम्ही तिथेच उकळून करत होतो. ते चढवायचं काचेचं भांडं आणि नळी मात्र एकच होती.

दुपारी गणपत नावाचा शेतकरी बैलगाडीतून दोन बायकांना घेऊन आला. एक त्याची आई कौतिकाबाई, दुसरी त्याची बायको सुभद्रा. गाडीत मध्ये गवताचा भारा ठेवून दोघींना दोन बाजूंना निजवलं होतं. गावातल्यांकडून कळलं, दोघी एका घरात राहून दोन वर्षांपासून एकमेकींशी बोलत नाहीत. गणपतला मुलगा झाला त्याच वर्षी भांडण झालं होतं. कशावरून, ते कोणालाच सांगता येईना. चुली वेगळ्या झाल्या होत्या. काही सांगायचं असलं तर दोघी गणपतमार्फत सांगायच्या.

सुभद्राची अवस्था जास्त वाईट होती. मनगटात नाडी लागत नव्हती. म्हणून डॉक्टरांनी भांडं आधी तिला लावायचं ठरवलं. दोन्ही हात पाहिले, नस नाही. उजव्या घोट्याशी चीर देऊन पाहिलं, तिथेही जी सापडली ती दोऱ्यासारखी, सुई शिरेना. एक तास गेला. मी भांडं उंच धरून उभा होतो, खांदा भरून आला होता. गणपत दारातून आत यायचा, आईकडे पाहायचा, बायकोकडे पाहायचा आणि बाहेर जायचा. बाहेर जाऊन नुसता उभा राहायचा, पुन्हा आत यायचा.

कौतिकाबाई पलीकडच्या चटईवर होती. तिची नाडी बारीक होती, पण होती, आणि हाताच्या पाठीवर एक नस अजून दिसत होती. डॉक्टर उठून उभे राहिले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, "हिची सापडत नाही, बिसेन. अजून वेळ घालवला तर दोघीही जातील. म्हातारीला लावू. ती तरी राहील."

गणपतने ते ऐकलं. तो दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा राहिला.

मी म्हातारीच्या दंडाला नळी बांधायला वाकलो. तिने हात ओढून पदराखाली घेतला. मला वाटलं भीतीने घेतला. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला, कारण आवाज तर बसलेला होता.

"मले नको लावू," ती म्हणाली. "तिच्या डाव्या पायात पाहा. घोट्याच्या आतून, चार बोटं वर. पोटुशी होती तवा तिथं नस फुगून येत होती. मीच तेल लावून देत होतो ना रोज."

मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर पुन्हा सुभद्राजवळ गुडघ्यांवर बसले. डावा पाय, घोट्याच्या आतून, चार बोटं वर. वरून काहीच दिसत नव्हतं. त्यांनी चीर दिली. ती तिथे होती. चपटी पडलेली, पण रुंद. सुई सहज शिरली आणि भांड्यातलं पाणी हळूहळू उतरायला लागलं.

अर्ध्या तासाने मनगटात नाडी आली. मार्थाबाईंनी सुभद्राच्या मनगटावर बोटं धरून ठेवली होती. त्यांनी मान हलवली तेव्हा गणपत खाली बसला. मग भांडं म्हातारीला लावलं. तोवर तिची हातावरची नस मिटली होती. तिच्यासाठी दोन्ही हात, मान, सगळं शोधावं लागलं. डॉक्टरांनी शेवटी कशी मिळवली ते मी पाहिलं नाही; मी सलाईन उकळायला बाहेर होतो आणि आत जायची माझी हिंमत होत नव्हती. मार्थाबाईंनी हाक मारली तेव्हा गेलो. भांड्यातली पातळी उतरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना थोडं बोलता येत होतं. मार्थाबाईंनी दोघींवर एकच मोठी चादर पांघरली होती, दुसरी नव्हतीच. मी सुभद्राला पाणी पाजत होतो. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "दादा, पायात नस आहे म्हून तुमाले कोनं सांगतलं? मी तं गावात कोनाले पाय दाखवत नाही."

माझी नजर नकळत पलीकडे गेली. कौतिकाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

ती भिंतीकडेच पाहत म्हणाली, "मले कायले पाहून राहिले? मी तं बेहोश होतो. तिच्या डाव्या पायाचं मले काय माहीत?"

‘डावा’ असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि चादरीखाली सुभद्राच्या दोन्ही पायांना पट्ट्या होत्या.